उघाडीची दोरी

चिखलात उतरायचं म्हणून तिघांनी जुने कपडे घातले होते, चपला बांधावर काढून ठेवल्या होत्या, आणि खाली उतरून बघतात तर चिखलाचा पत्ताच नाही! जमीन अशी तडकली होती की भेगांत अख्खं बोट जावं. त्या भेगांमध्ये ओळीने उभी होती तिवरांची, म्हणजे खारफुटीची रोपं, पानं करपलेली, बुंधे काळे पडलेले.

“आपल्याला खाडीमित्र म्हणून नेमलंय की वाळवंटमित्र म्हणून?” अमिषा म्हणाली.

प्रणय हसला. प्राप्तीला मात्र हसू आलं नाही. तिने एक रोप हलकेच वाकवून पाहिलं, तर ते वाळक्या काडीसारखं मोडून हातात आलं.

आता हे खाडीमित्र म्हणजे काय ते आधी सांगतो. दांडखार गाव तसं जुनं, पण न्हावा शेव्याच्या बंदरामुळे चारी बाजूंनी कंटेनरच्या रांगा वाढल्या आणि गावाचं शहर झालं. शहराला नगरपरिषद आली, नगरपरिषदेला उपक्रम सुचला, नाव ‘माझी खाडी’. खाडीकाठच्या बांधाच्या आत जुनी खारी शेतं पडीक होती. गेल्या पावसाळ्यात तिथे तिवरं लावली, शाळेतल्या मुलांना हिरव्या टोप्या दिल्या आणि सुट्टीत रोपांची निगा राखायचं काम सोपवलं. फोटो तर असे निघाले की विचारू नका. अट एकच होती. मेअखेरच्या पाहणीत निम्मी रोपं जगलेली दिसली, तर ती जागा कायमची झाडांसाठी राखून ठेवायची. नाही दिसली, तर तिथे भराव घालून ट्रक उभे करायचा तळ करायचा.

बाकीच्या मुलांना टोपी मिळाली यातच आनंद होता. प्राप्तीचं तसं नव्हतं. तिची आई, सत्यवती, याच बांधावरून पलीकडच्या खाडीत उतरायची, चिखलातले निवट्या मासे आणि चिंबोऱ्या धरून बाजारात विकायची. ट्रकचा तळ झाला की तिची वाट बंद. प्राप्तीचे बाबा ट्रेलर चालवायचे आणि कधीचे मागे लागले होते की कळंबोलीला हिरामणमामाच्या शेजारी खोली घेऊ, इथे काय उरलंय? आईचं उत्तर ठरलेलं होतं, खाडी आहे तोवर मी हलायची नाही. म्हणजे रोपं गेली की खाडीची वाट गेली, आणि वाट गेली की घर गेलं. हे गणित प्राप्तीला पुरतं कळत होतं, आणि ते मनात आलं की तिला धड जेवणही जात नसे.

उपक्रमाचं काम पाहणारे निकेत सर फोनवर भेटायचे, प्रत्यक्ष क्वचितच. प्राप्तीने त्यांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि समजावलं की सध्या भांगाचे दिवस आहेत, तेव्हा भरती लहान असते, पाणी इतक्या आत येत नाही. अमावास्येला उधाण आलं की पाणी आपोआप येईल, घाबरायचं कारण नाही.

मग काय, तिघं अमावास्येची वाट पाहत बसले. अमावास्या आली. उधाणाची भरती या किनाऱ्यावर भर दुपारी येते, तेव्हा तिघं जेवणं अर्धी टाकून बांधावर धावले. बाहेर खाडी तुडुंब! पाणी बांधाला टेकलेलं, लाटा दगडांवर थापा मारताहेत. आणि आत? आत थेंब नाही.

“उघाडी बघायला पाहिजे,” प्रणय म्हणाला. त्याच्या घरची पूर्वी इथेच भातशेती होती, त्यामुळे त्याला ठाऊक होतं. उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. दगडी मोरी आणि तिच्यावर वरून टांगलेली लाकडी झडप. झडप खाली सोडलेली असली की भरतीचं पाणीच तिला बाहेरून दाबून घट्ट लावून टाकतं. दोरीने वर बांधून ठेवली, तरच खाडी आत येते. तिवरं लावली त्या दिवशी नगरपरिषदेच्या माणसांनी ती वर बांधली होती, तिघांनीही डोळ्यांनी पाहिलं होतं.

पार दुसऱ्या टोकाला काटेरी झुडपांतून वाट काढत ते उघाडीपाशी पोचले. झडप खाली होती. दोरी तुटलेली नव्हती, कुजलेलीही नव्हती. कुणीतरी नीट सोडून, गुंडाळून खुंटीला अडकवून ठेवली होती.

“हे कोणीतरी मुद्दाम केलंय,” प्राप्ती म्हणाली.

ओहोटीची वाट पाहून तिघांनी जोर लावून झडप वर घेतली आणि दोरी करकचून बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर बांधलेलीच होती; उन्हाळ्यात रात्रीची भरती लहान, म्हणून पाणी तेवढं आत आलं नव्हतं. सुटकेचा निःश्वास टाकून घरी जेवायला गेले, संध्याकाळी येऊन बघतात तर झडप पुन्हा खाली! आत पुन्हा कोरडं ठाक. जो कोणी होता तो नेमका भरतीच्या आधी, भर उन्हात सगळे घरात पंख्याखाली बसलेले असताना येत होता.

कोण असणार, यावर तिघांचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. परेशशेठ! शेजारच्या कंटेनरच्या यार्डाचे मालक. ट्रकचा तळ झाला की पहिला फायदा त्यांचाच. अमिषाने तर शेठना तुरुंगात कोणते कपडे मिळतील इथपर्यंत ठरवून टाकलं. पण पुरावा हवा होता, आणि दुपारी उन्हात पहारा करू द्यायला कुणाचीच आई तयार नव्हती. मग अमिषालाच युक्ती सुचली. तिच्या काकाच्या होडीला लावून उरलेलं डांबर घरी पडलं होतं. ते पातळ करून त्यांनी दोरीच्या गाठीला आतल्या बाजूने चोपडलं. डांबर काही साबणाने जात नाही. ज्याचे हात काळे, तो चोर.

दुसऱ्या दिवशी झडप खाली आणि गाठ सुटलेली. हातांचा शोध सुरू झाला. ट्रकवाल्यांचे हात पाहून काही उपयोगच नव्हता, त्यांचे सगळ्यांचेच काळे. अमिषा प्यायला पाणी मागायच्या निमित्ताने थेट परेशशेठच्या ऑफिसात घुसली आणि तोंड पाडून परत आली. शेठचे हात स्वच्छ होते. वर त्यांनी बिस्किटाचा पुडा दिला होता.

“इतके चांगले वागले की मला त्यांचा रागच आला,” ती म्हणाली. पुडा तिघांनी मिळून संपवला.

ऊन फार झालं म्हणून प्रणयच्या घरी सरबत प्यायला गेले. मागच्या दारी प्रणयची आई कुणावर तरी करवादत होती, या वयात कुठे कुठे हात घालता म्हणून. मोरीवर प्रणयचे आजोबा, विठोबाआजा, उकिडवे बसले होते. घासलेटात भिजवलेल्या फडक्याने ते तळहात खसाखसा पुसत होते. दोन्ही हात डांबराने काळे झाले होते.

प्रणयने हातातला पेला खाली ठेवला. प्राप्तीला वाटलं, आपण इथे आलोच नसतो तर बरं झालं असतं. आजा रोज जेवणाआधी काठी टेकत बांधावर चक्कर मारून यायचे, हे सगळ्या आळीला माहीत होतं. म्हाताऱ्या माणसाला फिरायला हवं, एवढाच विचार सगळ्यांनी केला होता.

शेवटी प्राप्तीनेच विचारलं, “आजा, उघाडीची दोरी तुम्ही सोडता?”

“व्हय, मीच,” आजा सहज म्हणाले. “कोन येडा रोज बांधून ठेवतो कोन जाने. खारं पानी शेतान शिरलं तर रोपं जगतील का? तुमीच सांगितलंत ना, आपल्या शेतान रोपं लावली म्हून.”

प्रणयला आठवलं. गेल्या आषाढात तो चिखलाने माखून घरात धावत आला होता आणि ओरडला होता की आजा, आपल्या शेतात रोपं लावली! आजांचे डोळे तेव्हा भरून आले होते. नातवाचं कौतुक वाटलं असेल, असं घरात सगळे समजले. पण खाऱ्या शेतात उभा जन्म गेलेल्या माणसाला आषाढात रोपं म्हटलं की एकच ऐकू येतं, भाताची रोपं. डोळ्यांत मोतीबिंदू, बांधावरून हिरव्या ओळी तेवढ्या दिसल्या. जमीन कधीच हातची गेली होती, पण शेती पुन्हा सुरू झाली म्हटल्यावर आजांनी राखण पुन्हा सुरू केली. पावसाचं गोडं पाणी होतं तोवर तिवरं कशीबशी टिकली, उन्हाळ्यात मात्र करपली.

“पर यंदा भात कुठे आलं, आजा?” प्रणयने चाचरत विचारलं.

“पयल्या वर्सी कसं येल? मीठ धुवून जायला नको? तीन वर्सं उघाडी बंद ठेवली का जमीन गोडी होते,” आजा म्हणाले. “मी हाय तवर खाडीचा थेंब आत येऊ देनार न्हाय.”

प्रणयने मान फिरवली. अमिषा, जिची जीभ कधी थांबत नसे, ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. प्राप्तीला आजांवर चिडायचं होतं. घर जाणार होतं तिचं, चिडायचा हक्क तिचाच होता. पण ते काळे हात पाहून राग काही येईना, नुसतं रडू येत होतं. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली.

“आजा, ती भाताची रोपं नव्हती. तिवरं होती.”

“तिवरं?” आजांनी मान वर केली. “तिवरं तर आमी उपटून टाकायचो. ती कोन लावतं?”

प्राप्तीने सगळं सांगितलं. उपक्रम, पाहणी, ट्रकचा तळ, आईची वाट. आजांनी एकच विचारलं, “म्हंजे त्यांना खारं पानीच पायजे व्हतं?”

“व्हय.”

“मंग मीच मारली की गो.” त्यांनी फडकं बाजूला ठेवलं आणि पुन्हा हात काही पुसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजा स्वतः तिघांच्या पुढे चालत उघाडीवर गेले. पाणी चढायच्या आत त्यांनी झडप वर घ्यायला लावली आणि दोरीला अशी गाठ मारली की ती ट्रेलरला बांधली असती तरी सुटली नसती. भरती आली. मोरीतून पाणी खळाळत आत शिरलं, भेगा गटागटा पिऊन भरल्या, बघता बघता साऱ्या शेतावर खाडी पसरली. अमिषाने टाळ्या पिटल्या. त्या दिवसापासून प्राप्ती रोज येऊन एकेक रोप बघू लागली, कुठे हिरवा ठिपका दिसतो का म्हणून. पार शेवटच्या ओळीपर्यंत जायची आणि परत पहिल्यापासून सुरू करायची. मोरीच्या तोंडाशी ओल राहिली होती तिथली मूठभर रोपं तेवढी तग धरून होती. बाकी सगळी मेली होती, आणि मेलेल्याला पाणी पाजून काय होतं?

पाहणीला नगरपरिषदेच्या मोठ्या बाई आल्या. सोबत निकेत सर, इस्त्रीचा शर्ट घालून. आळीतली माणसं जमली, शेजारच्या यार्डातून परेशशेठही आले, सत्यवतीही टोपली घेऊन एका बाजूला उभी राहिली. करपलेल्या ओळी पाहून बाईंनी कारण विचारलं, तर सरांनी बेधडक सांगून टाकलं की मुलांची देखभाल कमी पडली.

प्राप्तीचं डोकं सणकलं. ती अगदी गोड आवाजात म्हणाली, “सर, बाईंना उघाडी दाखवायची का? तुम्ही पुढे व्हा.”

निकेत सर जोरात निघाले ते नेमके उलट्या दिशेला! आधी अमिषा फिसकन हसली, मग सगळी आळी हसली. बाईंना काय समजायचं ते समजलं. लागवडीनंतर सर तिथे एकदाही फिरकले नव्हते हे दोन प्रश्नांत बाहेर आलं. मग मुलांनी दोरीची सगळी हकिगत सांगितली, फक्त एक नाव गाळून. प्रणयने आजांचा हात घट्ट धरून ठेवला होता, पण आजांनी तो सोडवून घेतला आणि पुढे आले.

“दोरी म्या सोडली, बाई.”

“अहो आजोबा, इथे काय लावलंय ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही?”

“सांगितलं न्हाय, इचारलं बी न्हाय कोनी.”

बाईंनी निकेत सरांकडे पाहिलं, तर सर बुटांना लागलेली माती बघत होते.

मग कौतुक झालं, अगदी भरभरून झालं. बाई म्हणाल्या की इतकी हुशार आणि चिकाटीची मुलं त्यांनी पाहिली नाहीत, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आजांनी प्राप्तीच्या डोक्यावर हात ठेवला, परेशशेठनीसुद्धा पेढे मागवले. सगळं ओसरल्यावर बाईंनी आवाज खाली आणून सांगितलं की अट ती अट, निर्णय वर झालेला आहे, त्यांच्या हातात काही नाही. भरावाचं काम पावसाआधी सुरू होईल. पण वाईट वाटून घ्यायचं नाही, पुढच्या वर्षी दुसरीकडे कुठेतरी नवी लागवड करू.

“आणि तेव्हा खाडीमित्रांची प्रमुख तूच,” त्या प्राप्तीचा गाल थोपटून म्हणाल्या. “येशील ना?”

प्राप्तीने आईकडे पाहिलं. आई बांधापलीकडे खाडीकडे बघत होती. कळंबोलीच्या खोलीचं आदल्या रात्रीच नक्की झालं होतं, आणि या वेळी आई नाही म्हणाली नव्हती.

सगळे हसून प्राप्तीच्या उत्तराची वाट पाहत होते.

“येईन,” ती म्हणाली, आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.