समासातला शेरा

सुरेंद्र, तो मोबाईल उलटा ठेव बघू. लाईट गेली तर गेली, येईल तवा येईल. अन् मधीच 'आबा, खरं का?' असं इचारायचं न्हाई. चिमाजी कंपनीत माझ्या शेजारच्या मशीनवर व्हता. त्याचा हात मी ह्या डोळ्यांनी बघितलाय.

शहात्तर साल. मार्गशीर्षातली अवस. चिमाजी अन् त्याची बायको कस्तुरा हितंच रहाटणीत ऱ्हायची. तवा ह्या बिल्डिंगी कुठल्या, सगळी ज्वारी. माणूस भला, पण कादंबऱ्यांचं लई याड. पिंपरीच्या वाचनालयातनं आणायचा. तिथल्या पुस्तकांवर वाचणारे पेन्सिलीनं शेरे मारायचे. 'शाब्बास', 'हिला कळत कसं न्हाई'. समास नुसते भरलेले.

तर एक कादंबरी आणली. तिच्यातला जालिंदर म्हंजे एक नंबरचा हलकट. सख्ख्या भावाला हिरीत ढकलतो. खिळ्यांच्या वहाणा करकर वाजवत रात्रीचा घरी येतो अन् बायकोला बडवतो. चिमाजीला त्याचीच गोडी. डबा खाताना आमाला वाचून दाखवायचा न् म्हणायचा, "गडी कुणाच्या बापाला भीत न्हाई, राव."

एका पानावर जालिंदर बायकोचा हात उंबऱ्यावर ठेवतो अन् मुसळानं ठेचतो. तिथं समासात चिमाजीनं लिवलं, 'अजून हाण.'

कस्तुरा चौथी शिकलेली. तिनं ते वाचलं.

"हे तुमी लिवलंय?"

"गंमत गं."

"खोडा."

"न्हाई खोडत. पुस्तकातली बाई हाय, तुझं काय जातंय?"

कस्तुरानं पुस्तक मिटून त्याच्या म्होरं सारलं. मंग म्हणाली, "हात तर माझ्यासारखाच हाय की तिचा. आत्ताच्या आत्ता परत देऊन या. ह्या घरात ते नगं."

दिवेलागण झालेली. वाचनालय आठपातुर उघडं असायचं. चिमाजीनं पुस्तक क्यारेजला लावलं, सायकल काढली. काळेवाडी मागं पडली. पवनेच्या अलीकडं रस्ता सुनसान, थंडी मरणाची. समोरनं एकजण चालत येत व्हता. रहाटणीकडं.

"चिमाजीचं घर कंच्या आळीला?" त्यानं इचारलं.

"मीच चिमाजी. काय काम हाय?"

"तुझ्याकडं न्हाई... कस्तुराकडं."

अन् तो चालू लागला. करकर... करकर...

वहाणांचा आवाज चिमाजीनं वळखला. सायकल फिरवली अन् जीव खाऊन मारली. म्होरं तो चालतोय. नुसता चालतोय. पण सायकल काय त्याला गाठंना. काळेवाडी आली. गेली. रहाटणीची कुत्री... एक भुंकलं न्हाई.

घराचं दार सताड उघडं. चूल पेटलेली. कस्तुरा उंबऱ्याशी गुडघ्यावर पडलेली. तिचा उजवा हात उंबऱ्यावर, पालथा. मनगट दाबल्यावाणी पांढरं पडलेलं. धरणारं कुणी न्हाई.

तिचं तोंड उघडं... आवाज न्हाई.

अन् कोपऱ्यातलं मुसळ कोपऱ्यात नव्हतं.

चिमाजीनं वर बघितलं. मुसळ वर व्हतं. आधाराबिगर.

त्यानं अंग टाकलं. तिच्या हातावर आपला हात ठेवला.

पयला घाव... बोटं.

दुसरा... पंजा.

तिसरा... मनगट. हाडं उसावाणी मोडली. रगत चुलीवर उडालं, चरचरलं.

चिमाजीनं हात काढला न्हाई. खाली तिचा हात व्हता ना.

चौथा घाव वर गेला...

...

मुसळ बाजूला पडलं. नुसतं पडलं. अन् अंगणातनं करकर... करकर... लांब गेलं.

काय, सुरेंद्र? का थांबला? मला काय ठावं बाबा. मी हाय तेवढं सांगतोय. कस्तुराला खरचटलंबी न्हाई. चिमाजीचा उजवा पंजा दवाखान्यात कापला. मशीनवरचं काम सुटलं, कंपनीनं त्याला गेटावर बसवलं. आयुष्यभर डाव्या हातानं जेवला, पण बायकोकडं बघून जेवला.

पुस्तक क्यारेजला तसंच ऱ्हायलेलं. दवाखान्यातनं घरी आल्यावर कस्तुरा रबर घेऊन बसली, तेवढा शेरा खोडून परत द्यावं म्हणून. पान काढलं. मला हाक मारली, "भावजी, हे जरा वाचा."

'अजून हाण.' चिमाजीचंच अक्षर.

त्याच्या खाली, दुसऱ्या कुणाच्या तरी हातचं, कागद फाटंल एवढं दाबून लिवलेलं...

'बास का?'