दिसलात म्हणेपर्यंत

दातांचे डॉक्टर त्या दुपारी भलतेच खुशीत होते, आणि का नसावेत? नातीला पहिला दात आला होता. तो आजोबांनी स्वतः बोट घालून तपासला आणि तिने तेच बोट करकचून चावलं. आता लेकीकडचं जेवण पोटात, बायको शेजारी आणि स्वतःचं जुनं छोटं विमान हाताखाली. माणसाला आणखी काय हवं?

टेकड्यांपाशी ढग लागले. आधी विरळ, मग इतके दाट की पंखाचं टोकही दिसेना. केबिनमध्ये ओलसर, गार वास भरला. इंजिनाचा आवाजसुद्धा कापसात गुंडाळल्यासारखा दबला.

"अहो, रडारवाल्यांना विचारा ना."

"विचारतो गं. उगाच त्यांच्या डोक्याला ताप."

संकोची माणूस! पण विमान शिकवणाऱ्या मास्तरांनी सांगितलेलं तोंडपाठ होतं. आधी रेडिओवर फक्त विमानाचा नंबर सांगायचा आणि गप्प बसायचं. समोरचा 'बोला' म्हणाला की कोणतं विमान, कुठे, किती उंचीवर, कुठे निघालंय, किती माणसं, आणि रडारची मदत हवीय, एवढंच सांगायचं. त्याने 'रडारवर दिसलात' म्हटल्याशिवाय मात्र त्याच्या शब्दावर वळायचं नाही. तो पडद्यावरच्या भलत्याच ठिपक्याला वाट दाखवत असला तर संपलंच सगळं.

डॉक्टरांनी नंबर सांगितला.

"बोला," मऊ आवाज आला. डॉक्टर बोलले. मग नुसती खरखर... बराच वेळ खरखर.

"उजवीकडे वळा."

समोर काहीतरी काळं दाटून येत होतं. बायकोने त्यांचा दंड घट्ट धरला. डॉक्टर वळले.

थोड्याच वेळात ढगांखाली ओली धावपट्टी दिसली. चाकं टेकली तेव्हा दोघंही वेड्यासारखी हसत सुटली.

"चला, त्या बिचाऱ्यांचे आभार तरी मानू," डॉक्टर म्हणाले. जिना चढून दोघं कंट्रोलरच्या खोलीत गेली. पडद्यासमोर एक तरुण मुलगी बसली होती. डॉक्टरांनी विमानाचा नंबर सांगताच तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"काका, वळा असं मी म्हटलंच नाही. तुम्ही मला अजून दिसलाच नाहीत..."

"अगं पोरी, हे काय, समोर उभे आहोत की!"

तिने थांबा म्हणून हात वर केला. स्पीकर खरखरला आणि त्यातून डॉक्टरांचाच आवाज आला, तसाच संकोचलेला. "...दोघं आहोत. रडारची मदत हवीय."

पाठोपाठ स्पीकरमधूनच त्यांच्या बायकोचा रडवेला आवाज आला. "अहो, वळू नका! अजून दिसलात म्हणाले नाहीत ते..."

शेजारी उभ्या असलेल्या बायकोचे ओठ मिटलेले होते, हे डॉक्टरांनी दोनदा पाहून घेतलं.

"काकू..." मुलगी कुजबुजली, "उत्तर देऊ?"

बायकोचे डोळे भरून आले. "दे गं बाई. किती घाबरलेय मी तिथे..."

पडद्यावर, टेकड्यांच्या अलीकडे, एक ठिपका उमटला. मुलीने बटण दाबलं.

"रडारवर दिसलात."

डॉक्टरांनी खिडकीतून खाली पाहिलं. विमान लावलं होतं ती जागा रिकामी होती. मुठीतली त्याची किल्ली अजून गरम होती.