एकच थाप

बस ना, त्या सीटवर बस. ट्रकचीच आहे. आमच्याकडं बसायला, झोपायला, दार अडवायला सगळं ट्रकचंच सापडेल. आत्याचा धंदाच तो. म्हातारे ट्रक विकत घ्यायचे, खोलायचे आणि जे जे अजून चालतं ते विकायचं. इंजिन एकाला, गिअरबॉक्स दुसऱ्याला, आरसे, दिवे, टायर ज्याला हवे त्याला. उरला तो पत्रा भंगारात. आत्या म्हणते, ट्रक मरत नाही, वाटला जातो. मी एकदा विचारलं, "आत्या, तू गेल्यावर तुझे पार्ट कुणाकुणाला द्यायचे?" तिनं पाना फेकून मारला. चुकला. ती मुद्दाम चुकवते.

मी तिच्याकडंच असतो. शाळेनं आणि मी नववीत एकमेकांना सोडलं, दोघंही सुखी आहोत. मला आत्याशिवाय कुणी नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मी का बोंबललो ते कळेल.

आमच्या यार्डात शिव्या चालतात, भांडणं चालतात. एक गोष्ट चालत नाही. ट्रकच्या पत्र्यावर लागोपाठ दोन थापा मारायच्या नाहीत. गाडी मागं घेताना क्लीनर कडेनं चालत पत्र्यावर हात मारतो, पाहिलं असशील. एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे येऊ दे. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, तो त्या हाताच्या भरवशावर चालवतो. आत्या म्हणायची, "या गाड्यांनी जन्मभर तेवढंच ऐकलंय. तू तोंडानं थापा मारतोस तेवढ्या पुरेत."

आता मला एखादी गोष्ट करू नको म्हटलं की माझे हात शिवशिवतात. त्याला मी काय करू?

एक निळा ट्रक आला होता. डोंगरातून लाकडं वाहायचा म्हणे. आम्ही त्याचं इंजिन काढलं, स्टेअरिंग गेलं, डाव्या बाजूचा आरसा गेला. राहिली होती केबिन, सांगाडा आणि चाकं. चाकांखाली दगड लावलेले. डावी बाजू भिंतीला इतकी खेटून, की मध्ये मांजर शिरलं तर चपटं होऊन बाहेर यावं.

तर भर दुपार. सगळे जेवायला गेलेले. एकटा ढापण्या लवकर परत यायचा. ढापण्या म्हणजे आमचा गॅस कटरवाला. चष्मा बाटलीच्या बुडाएवढा. आगीशी रोज खेळतो, पण पाल दिसली की "आई गं!" करून टेबलावर चढतो. असा माणूस देवानं माझ्यासाठीच पाठवला. मी ठरवलं, निळ्याच्या केबिनमध्ये लपायचं आणि हा जवळ आला की आतून दोन थापा.

चढलो, दार ओढून घेतलं, सीटमागच्या फळीवर आडवा झालो. आतून दाराला मूठच नव्हती. ती पण विकलेली, काच खाली करायच्या हँडलसकट. काचा वर. आत डिझेलचा, जुन्या विड्यांचा वास, आणि उशाला कुणाच्या तरी डोक्याचं तेल रेक्झिनमध्ये मुरलेलं. उन्हानं पत्रा तापून टक... टक... करत होता. बाकी सगळं गप्प. कावळासुद्धा नाही.

मग पावलं वाजली. बाहेर, सावकाश. गाडीच्या मागं येऊन थांबली. मी तोंडावर हात दाबून हसू आवरलं, आणि भिंतीकडच्या पत्र्यावर मारल्या.

थप. थप.

"आई गं" काही आलं नाही.

आली ती ड्रायव्हरच्या सीटची स्प्रिंग. कुईं... असा आवाज करत ती खाली बसली, एखादा जाडजूड माणूस टेकावा तशी. सीट रिकामी. पण मधोमध खड्डा पडलेला, मला स्पष्ट दिसत होता.

आणि मग खालून दगड घरंगळल्याचा आवाज आला. गाडी हलली. मागं.

इंजिन नाही, जमीन सपाट, आणि गाडी मागं.

मी उडी मारून पुढं आलो. उजव्या आरशात बघितलं. मागच्या चाकाच्या पलीकडं दोन पाय बाहेर आलेले. त्या पायांत आत्याचे बूट. मघाची पावलं तिची होती. चाकांचा आस खोलायला ती खाली शिरली होती, चाकाच्या बरोबर मागं आडवी. ढापण्या तर पार तिकडच्या टोकाला पाठ करून उभा, नुकताच ग्राइंडर सुरू केलेला. त्या आवाजात तोफ सुटली तरी कळलं नसतं.

ब्रेकवर पाय दिला. पेडल भुसकन फळीला टेकलं.

"आत्याऽऽ! सरक!"

काच बंद. माझाच आवाज माझ्या कानात.

"येऊ ना रे?" कुणीतरी विचारलं.

सीटवरून. बसका, दमलेला आवाज. भुतासारखा वगैरे काही नाही बरं का. रात्रभर गाडी हाकून आलेल्या माणसाचा असतो तसा. त्यानंच जास्त घाबरलो.

"थांब!" मी ओरडलो. "मागं माणूस आहे! थांब!"

"तोंडानं नको सांगू... गाडीच्या आवाजात ऐकू येत नाही... हात मार."

कसला आवाज? गाडीत इंजिनच नव्हतं!

मी वळलो आणि पत्र्यावर एक थाप मारली. थप.

लगेच बाहेरून आली. थप.

झाल्या दोन.

"शाबास..." सीट म्हणाली. "येऊ दे..."

गाडीनं वेग धरला. मी पुन्हा एक मारली. बाहेरून पुन्हा दुसरी. माझा 'थांब' कुणीतरी भिंतीच्या फटीत उभं राहून 'चल' करत होतं. जिथं मांजर मावत नाही तिथं. आणि खरं सांगू? घाबरलो होतोच. पण त्याहून जास्त डोकं फिरलं. अरे, या यार्डात खोड्या काढायचा मान माझा आहे! काल आलेल्या ट्रकबरोबर आलास, आणि माझ्याच खोडीनं माझ्या आत्याला चिरडतोस?

ढापण्या एकदा कढई ठोकत होता, तेव्हा मी गंमत म्हणून तिच्यावर हात ठेवला होता. नाद मेला होता तिचा. ते कुठून आठवलं देव जाणे.

मी हात उचलला, जीव खाऊन एक थाप मारली, आणि हात तिथंच दाबून धरला.

बाहेरून मार आला. बरोब्बर तळहाताखाली. पत्रा आत आला, माझ्या बोटांत घुसला. दुपारी अंडं तळावं इतका तापलेला पत्रा, आणि तेवढी जागा थंडगार, विहिरीतल्या पाण्यासारखी. पण नाद नाही. नुसतं बद्द.

"मार!" मी म्हटलं. "अजून मार! हात नाही काढत जा!"

बद्द. बद्द. मनगटापर्यंत कळ गेली.

"बघू आधी कुणाचा दुखतो! आणि तू रे, सीटवरच्या! एकच होती ना? एकच ऐकलीस ना?"

गाडी सरकतच होती.

"...एकच," आवाज म्हणाला. "...थांबू?"

"थांब म्हटलं ना एकदा!"

स्प्रिंग हलकेच वर आली. कुईं... गाडी थांबली. पत्र्यावरचा मारही थांबला, पण लगेच नाही. आणखी एक बसला. रागानं मारल्यासारखा.

खालून आत्याच्या शिव्या ऐकू आल्या. आयुष्यात एवढं गोड काही ऐकलं नव्हतं. चाकानं तिचा सदरा जमिनीत दाबून धरला होता, कमरेला अगदी लागून. ग्राइंडर थांबल्यावर ढापण्यालाही त्या ऐकू गेल्या, त्यानं धावत येऊन कापड कापलं, तिला ओढून काढलं, मग मला. आत्यानं माझा हात पाहिला. सुजून पुरी झालेला.

"दोन मारल्यास ना, गाढवा?"

"हो."

मी पान्याची वाट बघत होतो.

"आणि थांबवली कुणी?"

"मी."

तिनं फाटका सदरा कमरेला खोचला. "ढापण्या म्हणतोय, आहे तशी भंगारात ढकलून देऊ. हात लावायला नको."

"का म्हणून? गाडी आपली आहे. मी खोलतो."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. म्हणून काय सोडायची?"

आत्या हसली नाही, पण पाना माझ्या हातात दिला. फेकला नाही, दिला.

दोन दिवस मीच खोलत होतो, डाव्या हातानं. सीटचे नट काढताना म्हटलं, "उतर बाबा. पोचलास." सीट उचलली तर पिसासारखी हलकी. तो बिचारा कुणी सांगेल तसं चालवणारा. त्याच्यावर माझा राग नाही.

मग केबिन भिंतीपासून ओढली आणि डावा पत्रा बाहेरून पाहिला. पंजा उमटला होता. पाची बोटं, खोल. ढापण्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि जाऊन टेबलावर बसला. मी माझा हात त्यात ठेवला. तंतोतंत बसला.

सगळे म्हणाले, वितळवून टाक. मी तेवढा तुकडा कापून घेतला आणि खाटेवर, उशाशी ठोकला. तो बघ, तिथं. रोज सकाळी उठलो की त्यात हात दाबतो, म्हणजे त्यालाही कळावं मी इथंच आहे.

त्याला आता दीड वर्ष झालं. तेव्हाचे बूट मला होत नाहीत, सदरे होत नाहीत. आत्या म्हणते ताडमाड वाढलास. पंजा तर ढापण्याच्या पंजापेक्षा मोठा झालाय, लावून बघितला आम्ही.

आणि त्या पत्र्यात तो अजूनही तंतोतंत बसतो. नखाएवढंही कमी नाही, नखाएवढंही जास्त नाही.

वाढू दे त्याचा पंजा. माझा काय थांबलाय?