उपाशी भिंत

ज्या वर्षी बालमणीच्या नातीला शाळेत घातलं, त्याच वर्षी सोलापुरातल्या तिच्या गल्लीला जिवंत गिलावा लावला. यंत्रमाग कधीच बंद पडले होते. निम्मी घरं ओस होती. बालमणीचा मुलगा नरहरीही बायको-पोरीला घेऊन सुरतेला गेलेला.

गिलाव्यात सूक्ष्मजीव होते. माणसांच्या श्वासावर ते जगत आणि चुना तयार करून भेगा बुजवत. "घरात माणसं बसती ठेवा," गिलावा लावणारी इंजिनिअर मुलगी म्हणाली होती. "रिकाम्या घराची भिंत उपाशी राहते." दिवाळीच्या तोंडावर तपासणी होणार होती. भेग दिसेल ते घर पाडायचं, असं ठरलं होतं.

गल्ली सुधारू लागली. भिंती गुळगुळीत झाल्या, काही बिऱ्हाडं परत आली, पिठाची गिरणी सुरू झाली. फक्त दारांना आतून कड्या लागल्या, कोणी कोणाकडे बसायला जाईना. आपला श्वास आपल्या भिंतीला.

बालमणी एकटी. तिच्या भिंतीच्या भेगेत करंगळी जायची. नरहरी फोनवर म्हणाला, "घर राहिलं तर येतो, अम्मा. पाडलं तर येऊन राहू कुठं?"

ती समोरच्या मल्लेशमच्या दारात गेली. "ये की रे बसायला. चहा टाकते."

"आमचीच भिंत भरंना अक्का. दिवाळी होऊ द्या."

"कोपऱ्यावरची यल्लव्वा गेली तेव्हा तेराव्यापर्यंत बसलात की तिच्या घरी. कशी लख्ख झाली तिची भिंत!"

"ते दुखवट्याचं बसणं. जावंच लागतं."

"मग मरू का मी?"

"काय पण बोलता!" मल्लेशम हसला. तीही हसली. घरी येऊन भेगेकडे तोंड करून बसली.

पुढे सगळी गल्ली तिच्या घरी बसली. बायका आत, पुरुष दाराशी. नरहरी आला होता. चहा शेजारून येत होता. फारसं कोणी बोलत नव्हतं, नुसते श्वास चालले होते. तेराव्याच्या आतच भेग मिटली. तपासणीला आलेल्या माणसाने भिंतीवरून हात फिरवला, हिरवा शिक्का मारला आणि पुढच्या घरी गेला.

नरहरी राहिला. त्याच्या दारालाही आता आतून कडी असते.

शिक्का बसला त्या दिवशी त्याच्या मुलीने मल्लेशमला विचारलं, "काका, आजी होती तेव्हा का नाही आलात?"

मल्लेशम चप्पल घालून घरी गेला.

बालमणी त्या वर्षी घटस्थापनेला सकाळी वारली.