विहिरीत तांबडं पाणी

"अगं, वर ये! आधी वर ये!" तेजस्वी विहिरीच्या काठावरून किंचाळली.

संघप्रियानं शेवटचे हात मारले आणि दगडी पायरी धरली. तिची मान, पाठ, दंड, सगळं लालभडक झालं होतं!

"खाजत न्हाय व्हय तुला?" राजवीरनं डोळे विस्फारले.

"न्हाय."

तिला खरंच काही कळत नव्हतं. थंडी सरता सरता तिचे बाबा गेले. इचलकरंजीच्या यंत्रमागावरून आले, जेवायला बसले, आणि गेले. तेव्हापासून उन्हाला ऊब नव्हती, मिठाला चव नव्हती. त्यानंतर ती पोहण्यात जिल्ह्यात पहिली आली. टाळ्या वाजल्या, कुणी तिला उचलूनही घेतलं. आतलं पाखरू मात्र पंख मिटून बसलं होतं. आता सुट्टी संपताच पुण्याला राज्यस्पर्धा. सरावाला जागा एकच, तेजस्वीच्या शेतातली ही विहीर. बाबांनी तिला इथंच पोहायला शिकवलं होतं.

"पाणी तांबूस दिसतंय की! आणि वास कसला हा?" तेजस्वीनं नाक दाबलं.

बांधापलीकडे हंबीररावआण्णांचा सूत रंगवायचा कारखाना होता. तिघं तडक तिकडं गेली.

"आमचं पाणी टाकीतनं पाइपानं थेट गटारीत जातंय!" आण्णा गरजले. "रंगाचा कारखाना काय माझा एकट्याचाच हाय? पळा!"

"संपलं!" बाहेर येताच राजवीर रडकुंडीला आला. "सराव न करताच पुण्याला जाणार व्हय ही?"

"रंग कुणाचाबी असू शकतोय," संघप्रिया सावकाश म्हणाली. "त्यांच्या टाकीत असं कायतरी टाकू, जे दुसऱ्या कुणाच्यात नसंल."

"भाताचं तूस!" तेजस्वी उडालीच. "म्हशीखाली टाकायला मामानं आजऱ्यासनं पोतंभर आणलंय. मस्त तरंगतंय ते!"

थोड्या वेळानं राजवीरचा चेंडू 'चुकून' टाकीशेजारी पडला.

"आण्णा, चेंडू घेऊ का ओ?"

"घे आणि टळ!" आण्णांनी मानही वर केली नाही. राजवीरनं एका हातानं चेंडू उचलला, दुसऱ्या हातानं पिशवीभर तूस टाकीत ओतलं!

मग तिघं विहिरीच्या पायरीवर बसली. ऊन कललं. "चला गं, कायबी येत न्हाय," तेजस्वी कंटाळून उठली. राजवीरही उठला. संघप्रिया हलली नाही. काही वाटतच नव्हतं, तर कंटाळा तरी कुठून यावा?

आणि दगडांच्या फटीतून तांबडी धार सुटली. धारेवर सोनेरी तूस, एकामागून एक, वरातीतल्या वऱ्हाड्यांसारखं!

"आलं! तूस आलं!" राजवीर नाचू लागला.

तेजस्वीचे आजोबा गणपतराव कारखान्यात गेले आणि आण्णांना हाताला धरूनच विहिरीवर घेऊन आले. आण्णांचा चेहरा पडला. "बांधाखाली पाइप फुटला असणार. मी कधी बघितलंच न्हाय ओ."

"पोरांनी बघितलं!" गणपतराव कडाडले.

आण्णांनी नवा पाइप घातला, इंजिन लावून सगळी विहीर उपसून दिली. झऱ्यांनी ती पुन्हा निवळशंख भरली, तेव्हा सगळी आळी काठावर जमली.

"शाब्बास गं बाय!" गणपतरावांनी संघप्रियाच्या डोक्यावर हात ठेवला. "बापाचं नाव राखलंस!"

भिंतीपलीकडून यावेत तसे ते शब्द आले. ती आईजवळ सरकली. "आई, सगळी आनंदात हायत. मला का कायच वाटंना?"

बनाबाईंनी लेकीची वेणी सारखी केली. "मलाबी वाटत न्हाय, बाळ. तरी रोज कामाला जातेच की. तुला पवायचं हाय का?"

संघप्रियानं पाण्याकडं बघितलं.

"हाय," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली.