खुंटीवरचा बिल्ला

आमचे हे बेटावर गेले तेव्हा मी नवस बोलले होते. सुखरूप घरी आले, तर रोज तिन्हीसांजेला देवापुढच्या दिव्याखेरीज आणखी एक दिवा लावीन, उंबऱ्याशी. जो कुणी कुठे मागे राहिला असेल त्याच्यासाठी. असं का सुचलं, त्या देवालाच ठाऊक.

निवृत्तीनंतर हे तिथल्या धंदेशिक्षणाच्या शाळेत लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, शिकवायला गेले होते, एक पैसा न घेता. तिथलं फारसं बोलत नाहीत. पण परवा रात्री वीज गेली, पुतण्यांनी भुताची गोष्ट मागितली, तेव्हा म्हणाले, "माझ्या ओळखीचा एक टर्नर होता, लेथ चालवणारा. गेला असाच एका बेटावर शिकवायला."

"काका, त्यालाही टक्कल होतं का?" धाकटी.

"त्याला केस होते. तुझे आता उभे राहतील, ते सांभाळ."

मग सांगू लागले.

तिथला नियम असा, की कार्यशाळेत शिरताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला दाराजवळच्या फळीवर, खुंटीला अडकवायचा. बाहेर पडताना काढायचा. फळी रिकामी झाली, म्हणजे आत कुणी नाही, मग कुलूप. पण एक बिल्ला कायम लटकलेला. टर्नरने भांडारवाल्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "तो राहू द्या, मास्तर." आणि नजर चुकवली.

त्यात रोज सकाळी शेवटच्या लेथखाली पितळेचा ताजा कीस. संध्याकाळी तर जमीन लख्ख झाडलेली! टर्नरच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बाई रात्री कुणाला तरी आत ठेवतात, चोरून काम करवतात, माल परस्पर विकतात. मुद्देमालासकट पकडायचं आणि मुख्याध्यापकांपुढे उभं करायचं. बाईंची नोकरी गेली तर गेली.

अमावास्येची आदली रात्र. शनिवार. त्याने तो बिल्ला काढून खिशात टाकला, दाराला कुलूप घातलं आणि समोरच्या बाकावर बसून राहिला. बेटावरचा जनरेटर नऊला बंद व्हायचा. झालं. मिट्ट काळोख.

आणि आत लेथ सुरू झाला.

"विजेशिवाय?" थोरला म्हणाला.

ह्यांनी आवाज खाली आणला. म्हणाले, टर्नरला वाटलं, सापडला चोर. दारावर थाप मारली. "कोण रे आत?"

लेथ थांबला.

मग… आतून थाप. हलकी.

"मास्तर…" कोवळा आवाज. "मी आत आहे…"

टर्नरने दाराला कान लावला.

"बिल्ला काढू नका ना… मी आहे अजून आत…"

दाराखालून पाणी आलं. समुद्राचा वास. भरती तर कधीच ओसरलेली. खिशातला बिल्ला… ओला.

त्याने कुलूप कसं उघडलं, त्यालाच माहीत नाही. बिल्ला खुंटीला लावला. बॅटरी फिरवली. आत कुणी नाही. जमीन कोरडी.

सकाळी तो फळीकडे बघत उभा होता. बाईंनी त्याचा चेहरा पाहिला आणि स्वतःच बोलल्या. पूर्वी एकदा वादळ आलं, लाटा शाळेपर्यंत चढल्या. पळापळीत तेव्हाच्या मास्तरांनी फळीवरचे सगळे बिल्ले एका मुठीत ओढून घेतले आणि कुलूप घातलं. शेवटच्या लेथवर एक पोरगा होता, तो आतच राहिला. बाईंचा धाकटा भाऊ.

"तेव्हापासून त्याचा बिल्ला लावून ठेवते," बाई म्हणाल्या. "तो आत आहे, हे कुणाला तरी माहीत असायला हवं ना, मास्तर."

तक्रार टर्नरच्या ओठांवरच राहिली.

मुलं मुकाट अंथरुणात शिरली. एरवी पाणी हवं, गोधडी हवी म्हणून घर डोक्यावर घेतात. मी कडी लावायला गेले. उंबऱ्याशी माझा दिवा मंद झाला होता, तो विझवायला वाकले.

"राहू दे," हे मागून म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी त्या दिव्याचं कारण विचारलं नव्हतं. त्या रात्रीही विचारलं नाही. मी तेल घातलं.

सकाळी दार उघडलं. दिव्याच्या कडेला पितळेचा एक कीस पडला होता. वेटोळं घातलेला, ताजा, चकचकीत.

मला भीती नाही वाटली. वाटलं, सुटलं असेल लेकरू, उजेड बघत इथवर आलं असेल. तुम्हाला एवढंच मागते: आज कडी लावण्याआधी एकदा हाक मारा, "कुणी राहिलं का?" आणि एक दिवा जास्तीचा लावा.