उजवीकडची खुर्ची

मार्च संपत आला की अमरावतीत सकाळी दहालाच डांबर तापतं, पण कॉलेजच्या प्राणिगृहात बाराही महिने बावीस अंश. पोरांच्या वर्गातला पंखा बंद पडला तर कुणी विचारत नाही. उंदरांचा एसी बंद पडला की प्राचार्य स्वतः जिना उतरून येतात. प्रणाली हे घरी हसून सांगायची. फार्मसीचं शिक्षण संपल्यापासून नऊ वर्षं ती तिथंच होती, आणि पांढऱ्या उंदरांच्या वागण्यातलं तिच्याइतकं त्या इमारतीत कुणालाच कळत नव्हतं. असं ती स्वतःच म्हणायची, पण खोटं नव्हतं ते.

काम असं होतं. गाभण उंदरीला बाराव्या दिवशी फिटवरचं एक औषध टोचायचं. तिची पिल्लं दिसायला चारचौघांसारखी. खातात, पितात, वाढतात. पण इतरांत मिसळत नाहीत, एकच एक गोष्ट करत राहतात. माणसाच्या लेकरांतल्या ऑटिझमशी याचं कुठं जुळतं आणि कुठं अजिबात जुळत नाही, ते बघायचं. त्यासाठी तीन खणांची एक पारदर्शक पेटी. मधल्या खणात उंदीर सोडायचा. डाव्या खणात तारेच्या टोपलीखाली एक अनोळखी उंदीर, उजव्या खणात तसलीच टोपली, पण रिकामी. दहा मिनिटं घड्याळ लावून बघायचं. साधा उंदीर पाहुण्याला हुंगायला धावतो. औषध दिलेल्या आईचा उंदीर बरेचदा रिकाम्या टोपलीपाशी जाऊन बसतो. तिथं त्याला बरं वाटत असावं.

प्रकल्पाचे प्रमुख भगवंतराव सर. त्यांचा एकच नियम होता: बघणाऱ्यानं नसल्यासारखं असावं. डोक्याला तेल नाही, हातात बांगडी नाही, खोकला आला तर गिळायचा. नवीन पोरींना दोन-तीन महिने लागत. प्रणालीला ते पहिल्या आठवड्यातच साधलं होतं. "प्रणाली खोलीत आहे हे उंदराले बी समजत नाही," असं सर पाहुण्यांना कौतुकानं सांगत, आणि तिची मान ताठ होई.

तिचा मुलगा अंकुर सात वर्षांचा. मुलामुळे ती या कामात आली असं लोकांना वाटे. उलटं होतं. काम आधीचं, अंकुर नंतरचा. डॉक्टरांनी त्याच्याबद्दल सांगितलं तेव्हा त्यातला शब्द न् शब्द तिला पाठ होता, आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. अंकुर बोलत नसे. अंगाला कुणी हात लावला की आक्रसून जाई. आईनं लावला तरी. "आईकडे बघ, अंकुर, आईकडे," असं ती दिवसातून वीसदा म्हणायची, आणि तो तिच्या कानामागच्या भिंतीकडे बघायचा. कुणी विचारलं असतं की बाई, तुला आयुष्यात काय पाहिजे, तर तिनं एकच मागितलं असतं. या पोरानं एकदा आपणहून जवळ यावं.

शनिवारी त्याच्या शाळेला सुट्टी, आणि तिचा नवरा विपुल नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात पाळीवर. म्हणून शनिवारी अंकुर तिच्यासोबत प्राणिगृहात यायचा, कोपऱ्यात बसून काचेच्या गोट्यांची ओळ लावायचा. हिरव्या सगळ्या आधी, पांढऱ्या मागून.

आणि मग आली उज्मा.

अकोल्याची मुलगी, पंचविशीतली, मागच्या दिवाळीनंतर लागलेली. रविवारी घरी जायची, सोमवारी बडनेऱ्याला रेल्वेतून उतरून धावत-पळत यायची. कामात ठीकठाकच होती. पण तिसऱ्याच शनिवारी प्रणाली हात धुऊन आली तर काय बघते, उज्मा अंकुरशेजारी फरशीवर बसून शेंगदाणे खातेय, आणि अंकुरची दोन बोटं तिच्या मनगटावर. नुसती टेकवलेली, जशी आपण गाडीत खिडकीच्या दांड्यावर टेकवतो तशी.

प्रणाली दारातच थांबली. सात वर्षं. रात्री जागल्या, नवस केले, नागपूरच्या डॉक्टरांचे जिने झिजवले, आणि हात कुणाच्या मनगटावर, तर या शेंगदाणे खाणारीच्या. देव देते अन् कर्म नेते म्हणतात ते काय उगाच?

"तू काय करून राहिली याले?" तिनं विचारलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला होता.

"मी काई नाई करत ताई," उज्मा दचकून म्हणाली. "नुसती बसते."

त्या दिवसापासून प्रणाली बघू लागली. दाराला वीतभर काच होती, तिच्यामागं उभं राहून. श्वास बारीक करून, उंदराला बघतात तसं. शनिवार आला की तास-तास. उज्मा काही लाडीगोडी लावत नव्हती, गोड बोलत नव्हती, तेच तर जास्त झोंबत होतं. काही केलं असतं तर तसं आपणही केलं असतं. हिचं नुसतं बसणं कसं उचलायचं? घरी जाऊन तिनं तेही करून पाहिलं. अंकुरपाशी गप्प बसली. पाच मिनिटं झाली की तोंडातून निघायचंच, "आईकडे बघ." तो उठून जायचा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक बारीकशी गोष्ट झाली. तिनं पिंजऱ्याचं झाकण उचललं आणि आतल्या एकाही उंदरानं मान वर केली नाही. झाकण वाजलं की सगळे उठतात, ही नऊ वर्षांची रीत. तिनं एकाला उचलून तळहातावर घेतलं. तो हातावर बसला आणि दोन्ही पंजांनी निवांत तोंड धुऊ लागला. आसपास कुणी नाही अशी खात्री पटली तरच उंदीर इतका वेळ तोंड धुतो. तिच्या हातावर त्यानं चार मिनिटं धुतलं. सवय झाली असेल, असं ती म्हणाली, आणि वहीत तसं लिहिलंही.

नंतरच्या बुधवारी ती नोंदी लिहीत बसली होती. दिवा गेला आणि बाहेरून कुलूप लागलं. तिनं दार बडवलं तेव्हा प्राण्यांची निगा राखणारे गोपालभाऊ घाबरे होऊन आले. पन्नाशीचा माणूस, वीस वर्षांची नोकरी.

"आत कोणी नव्हतं मॅडम," ते म्हणाले. "लाइट बंद कराच्या आंधी मी दोनदा पाह्यलं."

"मी टेबलापाशीच होती."

गोपालभाऊ टेबलाकडे बघत राहिले.

शनिवारी उज्मानं गिला वडा आणला. तीन द्रोण. एक गोपालभाऊंना, एक अंकुरला, एक स्वतःला. प्रणाली समोरच बसलेली. "ताई!" उज्मा एकदम ओशाळली. "तुमी इथंच? खरंच सांगते, ध्यानातच नाई आलं." आपला द्रोण तिनं पुढं सरकवला. प्रणालीनं तो परत सरकवला. हे मुद्दाम चाललंय, तिला वाटलं. मुलगा घेतला, आता आपल्याला मोजतही नाही. त्या वड्याचा वास तिला दिवसभर छळत राहिला.

तेव्हाच तिच्या डोक्यात ते आलं. दुसऱ्या कुणा आईच्या डोक्यात आलं नसतं, पण नऊ वर्षं जी बाई तेच करतेय तिच्या आलं. प्राणिगृहाला तीन खोल्या एका ओळीत होत्या. मधली धुण्या-पुसण्याची, डावीकडे एक, उजवीकडे एक, मध्ये दारं. कॅमेरे तिन्ही खोल्यांत.

"पुढच्या शनिवारी दहा मिनिटं डावीकडे खुर्चीवर बसशील," ती उज्माला म्हणाली. "मी उजवीकडे. अंकुर मधात. कोणी हाक मारायची नाही, हलायचं नाही."

उज्माचा चेहरा उतरला. "लेकरू हाये ताई ते."

"माह्यं लेकरू आहे."

उज्मा बसली. प्रणालीनं अंकुरला गोट्या देऊन मधल्या खोलीत ठेवलं, दोन्ही दारं उघडी टाकली आणि आपल्या खुर्चीत येऊन बसली. हातात घड्याळ. पाठ टेकलेली, हात खुर्चीच्या हातांवर. सगळं शिक्षण तिनं त्या बसण्यात ओतलं. डोळ्याची पापणीसुद्धा मोजून पाडली.

दोन मिनिटं गोट्यांचा आवाज. मग पावलं डावीकडे गेली. ती हलली नाही. पावलं परत आली. दारात अंकुर उभा राहिला. त्यानं खोली बघितली, छत बघितलं, खुर्ची बघितली. सरळ चालत आला आणि तिच्या मांडीवर बसला.

आपणहून.

पाठ तिच्या पोटाला टेकवली, दोन बोटं तिच्या मनगटावर ठेवली. त्याच्या केसांना सकाळच्या साबणाचा वास होता. प्रणालीला रडू फुटत होतं आणि ती रडली नाही, कारण रडलं की छाती हलते. सहा मिनिटं चाळीस सेकंद. जिंकलो, एवढंच तिच्या मनात येत राहिलं. जिंकलो, बाई.

वेळ संपल्यावर उज्मा दारात आली. आत बघून म्हणाली, "अंकुर, आई कुठी हाय?"

"इथं आहो, दिसत नाही का?" प्रणाली बोलली. उज्मा दोन पावलं मागं सरकली. पोरीला जिव्हारी लागलंय, प्रणालीला वाटलं, आणि तिला फार बरं वाटलं.

सोमवारी उज्माची गाडी यायच्या आधी तिनं कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. तो क्षण पुन्हा बघायचा होता. जमलं तर विपुलला दाखवायचा होता.

डावीकडच्या खोलीत उज्मा, गुडघ्यांवर हात ठेवून. मधल्या खोलीत अंकुर.

उजव्या खोलीत खुर्ची.

तिनं तारीख तपासली. वेळ तपासली. बरोबर होती.

अंकुर उजवीकडे आला. खुर्चीवर चढला. पाठीला टेकला. दोन बोटं खुर्चीच्या लाकडी हातावर ठेवली आणि त्याचा चेहरा सैल झाला, रिकाम्या घरात होतो तसा.

सहा मिनिटं चाळीस सेकंद तो तिथं एकटा बसला होता.

मग उज्मा दारात आली, तिचे ओठ हलले, आणि पुढच्याच चित्रात प्रणाली खुर्चीत होती, मुलाला मांडीवर घेऊन, तोंड उघडलेलं.

कॅमेरा बिघडला, ती मोठ्यानं म्हणाली. चित्रण पुसून टाकलं. उज्मा आली तेव्हा तिच्याशी चार शब्द जास्तच गोड बोलली.

संध्याकाळी घरी तिनं पोळ्या केल्या. अंकुर बैठकीत गोट्या लावत होता. ती दारात उभी राहून म्हणाली, "अंकुर, आईकडे बघ." तो भिंतीकडे सरकला. तिनं हात पुढं केला. तो आणखी सरकला.

मग ती खिडकीपाशी खुर्चीत जाऊन बसली. बसू की नको, असं तिला क्षणभरही वाटलं नाही. हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. श्वास बारीक केला.

तीन मिनिटांनी तो आला. मांडीवर चढला, टेकला. दोन बोटं मनगटावर.

बाहेर विपुलची गाडी थांबली. तो आत आला, बूट काढले, स्वयंपाकघरात डोकावला.

"काहून रे, एकटाच बसला?" तो अंकुरला म्हणाला. "तुही माय कुठी गेली?"

इथंच आहो, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण आवाज निघाला की हा उठणार. तिनं तोंड उघडलं नाही.

विपुलनं घामेजलेला शर्ट काढला आणि रोजच्यासारखा खुर्चीच्या पाठीवर टाकला. तो तिच्या तोंडावर पडला. मशीनच्या तेलाचा ओला वास. मनगटावरची दोन बोटं जागची हलली नाहीत, आणि शर्टाखाली प्रणालीनं श्वास आणखी बारीक केला.